एरंडेलाशिवाय मारलेले सात हात

सोमाभाऊ, तुझ्या तेरवीला मी जेवलो नाही. लोकांना वाटलं, मित्र गेल्यामुळे याच्या घशाखाली घास उतरत नाही. मित्र गेला होता हे खरंच, पण घास अडला होता वेगळ्या कारणानं. लकडगंजातले सगळे पॉलिशवाले, सुतार, आरागिरणीवाले पंगतीत बसून तुझ्या कामाबद्दल बोलत होते. कुणी तू केलेल्या दिवाणाचं सांगत होता, कुणी धंतोलीतल्या एका डॉक्टराच्या कपाटाचं. आणि तुझं सगळ्यात अवघड काम माझ्या घरी, खोळीत घालून, खाटेखाली पडलं होतं. त्याबद्दल माहीत असलेली माणसं जगात दोनच. त्यातला एक हार घालून फोटोत बसला होता आणि दुसऱ्याच्या तोंडाला कुलूप होतं.

म्हणून आता हे लिहितोय. तू असतास तर म्हणाला असतास, "काहून एवढं लिहून राहिला गा, तोंडानं सांग ना." तोंडानं सांगायला नऊ वर्षं होती, भाऊ. तेव्हा नाही सांगितलं.

तुला सूर कळत नव्हता. हे मी प्रेमानंच म्हणतोय. कोराडीच्या वीज केंद्रात माझी स्टोअरमधली कारकुनी, सुटी झाली की बस पकडून सरळ तुझ्या टिनाच्या शेडमध्ये. तू कुणाच्या तरी टेबलाला घासकाम करत असायचास आणि मी कुणाची तरी मागून आणलेल्या गिटारवर काहीतरी वाजवायचो. थोड्या वेळानं तू मान वर करून विचारायचास, "हे आता चांगलं वाजलं का खराब वाजलं?" मी सांगेन त्याप्रमाणे तू मान डोलवायचास. इतका भरवसा माझ्यावर माझ्या बापानंही ठेवला नव्हता.

स्वतःची इलेक्ट्रिक गिटार घेणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. मग तूच म्हणालास, आपण करू. एका मोडक्या गिटारची मान, तारा, चुंबकं आणि वायरी मी कुठून कुठून जमवल्या. धड तू केलंस. शिवणीचं लाकूड घेतलंस, कारण ते हलकं आणि आपल्या जंगलातलं, तुझ्या ओळखीचं. मासिकातला फोटो पाहून वर्तमानपत्राच्या कागदावर आकार काढलास, तो तीनदा चुकला, चौथ्यांदा जमला. आणि मग तुझं खरं काम सुरू झालं. मधाच्या रंगाचं लॅकर, स्प्रे गननं मारलेले पातळ पातळ हात, प्रत्येक हातानंतर घासणं, पुन्हा हात. शेवटी ती अशी चमकायला लागली की त्यात पाहून मी भांग पाडला होता. तू लांब उभा राहून कपाळावरचा घाम पुसत होतास आणि लपवता न येणाऱ्या आनंदानं उगाच डबे इकडचे तिकडे करत होतास.

तीच गिटार घेऊन मी मास्टरकडे गेलो. मास्टर म्हणजे त्या वेळी नागपुरातला सगळ्यात नावाजलेला ऑर्केस्ट्रा चालवणारा माणूस. त्याच्याकडे वाजवायला मिळालं की गणपती, दुर्गा, लग्नं, सगळं आपोआप आलं. मी तार जुळवायच्या आत तो हसला. "कहाँ से उठाके लाया बे? ड्रेसिंग टेबल का पल्ला है क्या?" मागची तीन-चार टाळकी खिदळली. मास्टरचं म्हणणं असं की गिटार फॉरेनची पाहिजे आणि वापरलेली पाहिजे. नवीन चमकणाऱ्या गिटारवाला म्हणजे कालचा शिकाऊ. त्यानं माझा एक सूर ऐकला नाही.

मी तसाच तुझ्याकडे आलो आणि म्हणालो, सोमाभाऊ, हिला जुनी कर.

तुझा चेहरा अजून दिसतो. आधी तुला समजलंच नाही. समजलं तेव्हा तू हातातला बोळा खाली ठेवलास.

"जुनी कर म्हणजे?"

"म्हणजे तडे पाहिजेत. घासल्याच्या खुणा पाहिजेत. वीस वर्षं कोणी वाजवली असं दिसलं पाहिजे."

"मधू, लोकं माह्याकडे जुनं घेऊन येतात, मी नवं करून देतो. आजवर एकही माणूस असा नाही आला का जो नवं आणून जुनं मागून राहिला. डोकं ठिकाणावर हाये ना तुह्यं?"

"मास्टरनं मले ऐकलंच नाही गा."

"त त्याच्या कानात एरंडेल टाक. माह्या कामावर काहून उठला?"

आपण दोघेही भडकलो. मी म्हणालो, तुला माझं काही पडलेलं नाही, तुला तुझी चमक पाहिजे. तू म्हणालास, हो पाहिजे, तेवढीच तर आहे माझ्याकडे. मी खोळ उचलून निघालो आणि आठ-दहा दिवस तुझ्या शेडकडे फिरकलो नाही. त्या दिवसांत मी तुझ्याबद्दल काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. माझ्या नाकावर कायम राग, हे तुला ठाऊकच.

नवतपा, मे अखेरचे ते नऊ जाळणारे दिवस, लागला त्या दिवशी तू कोराडीला आलास. भर उन्हात, बसनं, डोक्याला ओला दुपट्टा बांधून. गेटवर मला बोलावून घेतलंस आणि म्हणालास, "घेऊन ये तिले. अन् येतानी तुह्या इथली राख आण, डबाभर. बारीक पाहिजे, पिठासारखी." बस. समजूत नाही, चर्चा नाही. मी तुला चहा तरी विचारला होता का, आता आठवत नाही.

पहिल्या दिवशी काहीच घडलं नाही. तू गिटार दुपारी टिनावर उन्हात ठेवलीस, हात लावला तर चटका बसेल इतकी तापू दिलीस, मग आत आणून तिच्यावर बर्फाची लादी फिरवलीस. गरम लॅकर एकदम गार झालं की तडकतं, हे तुला ठाऊक होतं. उभं आयुष्य तू तेच टाळत आला होतास. पण ती तडकेना. पुन्हा उन्हात, पुन्हा बर्फ. तीन वेळा केलंस. बर्फ संपला, गोणपाटात नुसतं ओलं भूस राहिलं आणि तुझं काम तसंच आरशासारखं.

मग तू खाली बसलास आणि हसायला लागलास. "नाही तडकणार. एरंडेल हाये ना त्यात."

तेव्हा मला कळलं. तू लॅकरच्या प्रत्येक डब्यात चमचाभर एरंडेल टाकायचास. लॅकर जरा लवचीक राहतं, नागपूरच्या उन्हाळ्यात लाकूड फुगलं-आकसलं तरी वरचा थर फाटत नाही. ही तुझी युक्ती. तुझ्या उस्तादानं तुला दिलेली. सोमाच्या कामाला तडा जात नाही, हे लकडगंजात सगळे म्हणायचे ते या चमच्यामुळे. आणि आता तुझा चांगुलपणाच तुझ्या आड आला होता.

तू सगळं खरवडून काढलंस. लाकूड उघडं केलंस. मग नाकाला फडकं बांधून, त्या भट्टीसारख्या शेडमध्ये, एरंडेल न घालता सात हात मारलेस. प्रत्येक वेळी डबा ढवळताना तुझा हात त्या एरंडेलाच्या बाटलीकडे आपोआप जायचा आणि तू तो मागे घ्यायचास. मी पाहत होतो. मला हसू येत होतं, सोमाभाऊ. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

लॅकर चांगलं सुकू दिलंस. नवतपा सरला तरी ऊन तसंच होतं. पुन्हा ती तापवलीस, आत आणलीस आणि कापडात गुंडाळलेला बर्फ तिच्या पाठीवर टेकवलास. फोडणीत मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज आला. टिक. टिक टिक. एक बारीक रेघ आडवी धावत गेली, तिच्या शेजारी दुसरी. मी आनंदानं ओरडलो. तू ओरडला नाहीस. तू डोळे मिटून घेतले होतेस आणि आवाज थांबेपर्यंत उघडले नाहीस.

त्यानंतर मात्र तू पेटलास. वाईट करायचंच तर तेही नीट करायचं, हा तुझा स्वभाव. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून अगदी पातळ पोचारा मारलास, म्हणजे रंग म्हातारा दिसेल. मग मला शर्ट काढायला लावलंस, माझ्या उजव्या हाताला कोपरापर्यंत नीळ फासलीस आणि म्हणालास, आता वाजव. मी दोन तास वाजवत होतो. तुझ्या शेजारच्या सुताराला वाटलं, याला भूत लागलं. जिथे जिथे माझा हात घासला तिथे निळा डाग पडला, आणि तू फक्त तेवढीच जागा ओल्या फडक्यावर कोराडीची राख घेऊन झिजवलीस, लाकूड दिसेपर्यंत. एका जागी मी म्हणालो, इथेही थोडं घास, चांगलं दिसेल.

"तिथं तुहा हात लागत नाही."

"कोणाले समजते?"

"मले समजते. खोटं करतो, पण तुह्याच अंगाचं खोटं करीन. उगाचच्या जागी नाही."

मास्टरनं दुसऱ्या वेळी गिटार हातात घेतली, तड्यांवरून नख फिरवलं आणि त्याचा आवाजच बदलला. "अब आई ना बात. कहाँ से मिली?" मी आधीच ठरवून ठेवलेलं बोललो. ती चमकणारी विकून टाकली. कामठीचा एक रिटायर्ड गोरा ड्रायव्हर, रेल्वेतला, म्हातारा झाला, त्याच्याकडून घेतली. वीस-बावीस वर्षांची आहे. मास्टर खूश. मग त्यानं माझ्या मागे पाहिलं. तू स्पीकरचा खोका हातात धरून उभा होतास, कारण मी म्हणालो होतो, चल ना, एकटं जायला भीती वाटते.

"और ये कौन?"

मी म्हणालो, "हा? खोका उचलायला आणला."

असं म्हणायची काही गरज नव्हती. मित्र आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं. मला वाटलं, मित्र म्हटलं तर तो विचारेल काय करतो, पॉलिशवाला म्हटलं तर त्याला संशय येईल. इतका पुढचा विचार मी एका क्षणात केला, आणि तुझा विचार केला नाही.

परत येताना गांधीबागेपाशी तू खोका खाली ठेवून हात झटकलेस. मग म्हणालास, "खोका जड होता गा." आणि हसलास. मीही हसलो. मला वाटलं, मिटलं.

नऊ वर्षं मी ती गिटार वाजवली. तू जवळपास प्रत्येक कार्यक्रमाला आलास. कन्हान, पारशिवनी, कुठेही असो, टेम्पोत मागे सामानावर बसून यायचास, आणि तिथे पुढेच बसायचास. तू माझ्याकडे पाहायचा नाहीस. तिच्याकडे पाहायचास. कार्यक्रम झाला की फडक्यानं पुसण्याच्या निमित्तानं मांडीवर घ्यायचास. काही वर्षांनी एकदा म्हणालास, "मधू, मी जिथं झिजवलं होतं ना, त्याच्यावर आता तुह्या हाताची खरी झीज चढून राहिली. माह्यं कोणतं अन् तुह्यं कोणतं, आता मलेच नाही सांगता येत." किती समाधानानं म्हणालास ते. माझ्या वाजवण्याचं एवढं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही, आणि ते केलं सूर न कळणाऱ्या माणसानं. त्याबद्दलही तुला कधी काही म्हणालो नाही. आता म्हणतो. उपकार झाले, भाऊ.

तू दोनदाच मागितलंस. पहिल्यांदा कन्हानहून येताना. निवेदकानं त्या दिवशी एकेका कलाकाराचं, वाद्यांचंसुद्धा कौतुक केलं होतं, त्या गोऱ्या ड्रायव्हरचंही नाव निघालं होतं. टेम्पोत तू हळूच म्हणालास, "एखाद्या वेळी माईकवर सांगशील का गा? जास्ती नको. लकडगंजच्या सोमानं केली, एवढंच." मी म्हणालो, पुढच्या वर्षी. मास्टर अजून नवा आहे आपल्याला, जरा जम बसू दे. तेव्हा मला तिथे चार वर्षं झाली होती.

दुसऱ्यांदा तू विचारलंस, "घरी त सांगू? तिले?" मी म्हणालो, नको, वहिनीचा भाऊ मास्टरच्याच गल्लीत राहतो, बात फुटेल. तू "बरं" म्हणालास. नवऱ्यानं बायकोला आपल्या कामाबद्दल सांगायचं की नाही, हे मी ठरवलं आणि तू मानलंस. मला कशाची भीती होती? मास्टरनं फार तर काढून टाकलं असतं. दुसरीकडे वाजवलं असतं. पण लोक त्या गिटारकडे पाहून मला मोठा समजत होते, आणि ते मला सोडवत नव्हतं. एवढंच आहे, यापेक्षा खोल काही नाही.

शेवटी शेवटी तुझा दमा वाढला. थिनर छातीत बसलं, असं तू स्वतःच गमतीनं सांगायचास. मी भेटायला आलो त्या दिवशी पाऊस होता म्हणून गिटार आणली नव्हती. तू खाटेवर उशीला टेकून बसला होतास. "कशी हाये ती?" असं विचारलंस, सासरी गेलेल्या पोरीबद्दल विचारावं तसं. मी म्हणालो, मजेत, पुढच्या वेळी आणतो. आणि मग तासभर मी तुला बदलीच्या भानगडी सांगत बसलो. वहिनी आत होत्या. दोन वाक्यांचं काम होतं. त्यांना हाक मारायची आणि सांगायचं. मी बदलीचं सांगत बसलो.

तू गेलास त्यानंतरचा पहिला कार्यक्रम गणपतीतला, इतवारीत. मी मास्टरला न विचारता माईक घेतला. म्हणालो, ही गिटार कामठीच्या कुठल्या ड्रायव्हरची नाही. तसा कुणी ड्रायव्हर नव्हता. ही लकडगंजच्या सोमाजी पॉलिशवाल्यानं केली, धड त्यानं केलं, हे तडे त्यानं पाडले, ही झीज त्यानं आणली, आणि नऊ वर्षं मी तुमच्याशी खोटं बोललो. मग टाळ्या पडल्या. जोरात पडल्या. मास्टरनं माईक घेऊन तुझ्यासाठी दोन मिनिटं सगळ्यांना उभं केलं.

खाली उतरल्यावर त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "अच्छा बोला रे. घरवालों को अच्छा लगेगा."

"मास्टर, मी खरं बोललो."

"हाँ, हाँ. दोस्त के लिए इतना तो बनता है." आणि पुन्हा त्या तड्यांवरून नख फिरवून म्हणाला, "लेकिन ये चीज यहाँ नहीं बनती."

घरी येऊन मी गिटारवरची, वायरी झाकणारी काळी पट्टी स्क्रू काढून उघडली. आत तरी कोरं, नवं लाकूड दिसेल, ते दाखवता येईल, म्हणून. आत तू काजळी आणि राख चोळून ठेवली होतीस. स्क्रूच्या भोकांतसुद्धा. उद्या कुणी उघडून पाहिलं तर मी उघडा पडू नये म्हणून. हे तू मला सांगितलंही नव्हतंस. मी जमिनीवर बसून रडलो, सोमाभाऊ. बायको घाबरून धावत आली.

काल वहिनींकडे गेलो. गिटार त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. नवतपा, बर्फ, एरंडेल, मास्टरला मी काय म्हणालो ते, तुला घरी सांगू दिलं नाही तेही. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग ती मांडीवर घेतली आणि उजेडाकडे धरून पाहिली. कामाकडे तू असंच पाहायचास. त्यांचं बोट एका तड्यावर थांबलं.

"भाऊजी, मी सत्तावीस वर्षं त्यायचं काम पाहिलं. फडकं मीच धुवून देत होती. त्यायच्या हातच्या कामाले कधी तडा नाही गेला."

"वहिनी, त्यानं मुद्दाम..."

"मुद्दाम?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नव्हत्या. "ते मुद्दाम खराब काम करतील? तुमच्यासाठी? अन् मले एक शब्द नाही सांगणार?"

मी म्हणालो, मीच नको म्हटलं होतं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. मांडवातल्या लोकांच्या चेहऱ्यावरही तेच होतं. मित्रासाठी इतकं खोटं बोलणारा भला माणूस, असं त्या माझ्याकडे पाहत होत्या. गिटार त्यांनी पदरानं पुसली आणि माझ्या हातात परत दिली.

"तुमचं मन मोठं हाये, भाऊजी. पण त्यायच्या नावावर दुसऱ्याचं काम नका टाकू. ते असते त त्यायले नसतं आवडलं."

मी गिटार खोळीत घातली. पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो, आणि नऊ वर्षांच्या सवयीनं मागे वळून पाहिलं, तू येतोयस का म्हणून.